तात्यांच्या ओट्यावरची रेंज

संध्याकाळी पाचच्या सुमाराला तुम्ही आमच्या गावात आलात, तर मारुतीच्या देवळामागच्या घराच्या ओट्यावर एक उंच, वाळका म्हातारा छातीशी मोबाईल धरून उभा दिसेल. गळ्यात पट्टा, पट्ट्यात मोबाईल, डोळे अर्धे मिटलेले. नवख्या माणसाला वाटतं, बिचाऱ्या बाबांना फोन लावता येत नसावा. एकदा खताच्या कंपनीचा एक माणूस असाच मदत करायला पुढे झाला. म्हाताऱ्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. नुसतं म्हणाला, "चपला काढून या. शिक्षण चालू हाय."

हे आमचे रंगातात्या. माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या माणसाला बसलेलं फार कमी वेळा पाहिलंय. जेवायला बसतात तेवढंच. चहा उभ्याने, दाढी उभ्याने, लग्नाला गेले तर मांडवाच्या खांबाशी उभे. कुणी "तात्या, टेका की जरा" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "बसलं की संपलं."

ही सवय सप्ताहाची. आमच्या गावात दरवर्षी हरिनामाचा सप्ताह असतो. वीणा सातही दिवस चालू राहते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण जमिनीला टेकत नाही. वीणा घेऊन जो उभा राहतो त्याचा तो पहारा. पहारा बदलताना देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, तिथे लहान-मोठं बघत नाहीत. पहिल्या वर्षी एका बापाला स्वतःच्या मुलाच्या पाया पडताना बघून मला हसूच आलं होतं. सासूबाईंनी असा कोपर मारला की अजून आठवतो.

तात्यांचा पहारा दुपारचा, ऐन उन्हातला, जो कुणाला नको असायचा. वर्षानुवर्षं तो त्यांचाच. मग गुडघे धरले. एका वर्षी कमिटीच्या पोरांनी त्यांना प्रेमानेच सांगितलं की तात्या, आता तुम्ही आरामात बसून ऐका, आणि प्लॅस्टिकची नवी खुर्ची आणून ठेवली. तात्या खुर्चीकडे बघत राहिले आणि सरळ घरी निघून आले. काकू, म्हणजे तात्यांची बायको, त्याच्या आदल्या साली वारलेल्या. मूलबाळ नाही. पुढे कितीतरी दिवस भिंतीपलीकडून भांड्याचाही आवाज येत नव्हता. सासूबाई भाकरी नेऊन द्यायच्या, ती तशीच परत यायची.

अशात एका संध्याकाळी बापू तात्यांच्या ओट्यावर चढला.

बापू म्हणजे वरच्या आळीतला डाळिंबवाला. बागेत फळांवर डाग पडले होते आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं की मोबाईलवर एक सर डाळिंबाचं सगळं समजावून सांगतात. पण बघायचं कसं? आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, तीन बाजूंनी डोंगर, चौथीकडे खिंड. पाण्याची बोंब होतीच, रेंजचीही होती. आमच्याकडे मोबाईल घ्यायचा तो बॅटरी म्हणून आणि फोटो काढायला. बापू फोन डोक्यावर धरून गावभर फिरत होता. तात्यांच्या ओट्याच्या खिंडीकडच्या कोपऱ्यावर पाय ठेवला आणि फोनमधले सर बोलायला लागले.

रेंज येत होती ती तेवढ्याच कोपऱ्यावर, आणि तीही उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीला. फोन खाली ठेवला की सर गप्प. बापू उभा राहिला, पण थोड्या वेळाने त्याचा हात लटपटायला लागला. तेव्हा घरातून तात्या बाहेर आले. म्हणाले, "दे हिकडं. तुला उभं ऱ्हायची सवं न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून वीणेचा जुना पट्टा काढला, भाच्याने दिलेला स्वतःचा मोबाईल पुसून त्यात बसवला, टोपी घातली आणि पाच वाजता कोपऱ्यावर येऊन उभे राहिले.

हळूहळू माणसं जमायला लागली. आमच्या समोरची मंगल आली, तिला ब्लाऊज शिवायला शिकायचं होतं. भरतीची तयारी करणारी पोरं आली. मीही आले. मी बारावी सायन्स. माझी मैत्रीण नगरजवळच्या नागापूरला, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागली होती. तिने सांगितलं की इन्स्पेक्शनला बायका घेतात, म्हणजे तयार झालेले भाग मापात आहेत का ते तपासायचं काम. ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे आणि व्हर्नियर वापरता आलं पाहिजे. व्हर्नियर म्हणजे केसाएवढा फरक दाखवणारं माप. ते मी कॉलेजात एकदा लांबून बघितलं होतं. कामाला जायला कंपनीची बस फाट्यापर्यंत येते, पण क्लास लावायचा तर पदरच्या पैशाने रोज नगरला जायचं, आणि ते काही घरातून जमणार नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, इथे बसल्या जागी शिकता येत असेल तर शीक, नाहीतर राहू दे. मला ती नोकरी हवी होती. अगदी मनापासून हवी होती. आणि ती मिळायची तर या एका ओट्याच्या एका कोपऱ्यावरूनच मिळणार होती.

तात्यांचे नियम कडक. चपला बाहेर. मध्येच उठून जायचं नाही. फोन कुणी हातात घ्यायचा नाही. रिचार्ज मात्र सप्ताहातल्या पंगतीसारखा, दर वेळी नव्या घराकडे. आणि मुख्य नियम असा की एका वेळी एकच विषय, मोठ्या आवाजात, सगळ्यांनी ऐकायचा. मंगलने सुचवलं की तात्यांनी दुसऱ्या हातात तिचाही फोन धरला तर दोन विषय एकदम होतील, तर तात्यांनी एका वाक्यात निकाल लावला: "एका मांडवात दोन कीर्तनं न्हाई व्हत."

त्यामुळे झालं काय की तात्यांच्या अंगणात सगळ्यांना सगळं यायला लागलं. डाळिंबाची छाटणी कधी करायची ते मंगल सांगायची. भरतीच्या पोरांना कटोरी ब्लाऊजचं अस्तर कसं कापतात ते पाठ. आणि बापू, ज्याने जन्मात कारखाना बघितला नाही, तो बांधावर उभा राहून लीस्ट काउंटची, म्हणजे व्हर्नियरने मोजता येणाऱ्या सगळ्यात लहान मापाची, व्याख्या म्हणायचा. बायको म्हणायची, ह्यांना काहीतरी बाधलंय.

मोबाईलमधल्या सरांना तात्या गुरुजी म्हणायचे आणि शिकवायला बाई असल्या तर माउली. गुरुजी म्हणाले, "समजलं का मित्रांनो?" की तात्या मोठ्याने "व्हय" म्हणायचे आणि आमच्याकडे बघायचे. आम्ही "व्हय" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. एखादा गप्प दिसला की तात्या बोटाने मागे सारून गुरुजींना परत सांगायला लावायचे. एकदा भरतीच्या एका पोराला डुलकी लागली होती, त्याच्यापायी आम्ही सगळ्यांनी बाही जोडायचा भाग लागोपाठ तीनदा ऐकला.

मध्येच जाहिरात आली की काय करायचं हाही प्रश्न त्यांनी सोडवला होता. कीर्तनात बुवा थोडे थांबतात तेव्हा गजर होतो. तात्यांच्या मते जाहिरात म्हणजे गुरुजींची विश्रांती. साबणाची बाई केस उडवायला लागली की तात्या डोळे मिटून म्हणायचे, "बोला, विठ्ठल विठ्ठल." आणि आम्ही टाळ्यांवर "विठ्ठल विठ्ठल" म्हणायचो, साबण संपेपर्यंत. पहिल्यांदा मला फार लाजल्यासारखं झालं. नंतर घरी टीव्हीवर जाहिरात लागली तरी टाळी वाजायला लागली.

आणि ते सबस्क्राईब. प्रत्येक गुरुजी शेवटी हात जोडून सांगतात, लाईक करा, सबस्क्राईब करा. तात्यांना वाटलं, गुरुजींनी एवढं शिकवलं, एवढीशीच दक्षिणा मागतात, ती रोज दिली पाहिजे. म्हणून ते प्रत्येक पाठाच्या शेवटी ते बटण दाबायचे. म्हणजे आज जोडलेले गुरुजी उद्या तुटायचे आणि परवा परत जोडले जायचे. मंगलने त्यांना समजावलं की तात्या, हे एकदाच करायचं असतं, दुसऱ्यांदा दाबलं की रद्द होतं. तात्या तिच्याकडे बघत म्हणाले, "नमस्कार एकदाच करून ठिवायचा असतो व्हय?" डाळिंबाचे सर बिचारे अजून एक दिवसाआड गळतात आणि परत येतात.

हे सगळं चालू असताना माझ्या मनात मात्र एक गोष्ट सलायची. तात्यांचे गुडघे. तास उलटला की धोतरातून पाय थरथरताना दिसायचे. आम्ही म्हणायचो की आम्ही धरतो, तर ते म्हणायचे, पहारा मोडायचा न्हाई. शेवटी बापूने शक्कल काढली. एक बांबू आणून कोपऱ्याला तारेने आवळला आणि त्याच्यावर खाच करून फोन ठेवायची सोय केली. रात्री जाताना सांगून गेला, उद्यापासून तात्या तुम्ही खुशाल बसा.

दुसऱ्या दिवशी बांबू अंगणात आडवा पडलेला, आणि तात्या कोपऱ्यावर उभे. म्हणाले, काठीला रेंज येत नाही, करून बघितलं. का येत नाही याचं कारणही त्यांच्याकडे तयार होतं. आमच्या भागात बोअर घ्यायच्या आधी तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरणारा पानाड्या बोलावतात. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो म्हणतात. "त्यो नारळ काठीवं ठिवून पानी घावतं का? मानसाचाच हात लागतो. रेंजचं बी तसंच हाय," तात्या म्हणाले. बापू काहीतरी बोलणार होता, पण त्याने तोंड उघडून परत मिटलं. मी सायन्सवाली, मला हे पटलं नव्हतं. पण रेंज ज्याच्या हातात आहे त्याच्याशी वाद कशाला घाला? आणि मला त्या दिवशी मायक्रोमीटरचा, म्हणजे व्हर्नियरहूनही बारीक मोजणाऱ्या मापाचा, पाठ बघायचा होता.

नगरच्या जुन्या बाजारातून माझ्या नवऱ्याने मला एक वापरलेलं व्हर्नियर आणून दिलं. मग मला घरात दिसेल ते मोजायचा नाद लागला. पेला, बांगडी, तुळशीचा देठ. एकदा अंगणातच सगळ्यांसमोर भाकऱ्या मोजल्या. सासूबाईंची भाकरी पातळ निघाली, माझी जाड. मी आकडा वाचून दाखवला तर तात्या म्हणाले, "सूनबाईची भाकर जाड असती ह्ये मशीन नसतानाबी म्हाईत हुतं." सासूबाई आठवडाभर खुशीत होत्या.

आणि मग मैत्रिणीच्या हाती पाठवलेल्या अर्जावर कंपनीचा निरोप आला. आधी व्हिडिओ कॉलवर मुलाखत, मग नागापूरला येऊन हाताने माप करून दाखवायचं.

आता व्हिडिओ कॉल कुठून करणार? तात्यांच्याच फोनवरून, तात्यांच्याच छातीवरून. कोपऱ्यावर दुसऱ्या माणसाला जागा नाही, म्हणून मी खाली अंगणात. चेहरा फोनच्या समोर यावा म्हणून बापूने टोमॅटोचे दोन कॅरेट उलटे ठेवले, त्यावर मी उभी. साहेबांच्या पुढे पदर घेऊन बोलू की बिनपदराची, हा दुसरा घोळ. समोर चुलत सासरे, त्यांच्या छातीत साहेब. मी पदराचं टोक हातात धरून घुटमळत राहिले. तात्यांना ते कळलं. म्हणाले, "पदर ऱ्हाऊ दे बाजूला. म्या डोळं मिटतो."

आणि त्यांनी खरंच घट्ट डोळे मिटले. अंगणात सगळे येऊन बसलेले, पण बोलायचं नाही असं ठरलेलं. साहेबांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, लग्नानंतर एवढी वर्षं काय करत होतात ते विचारलं. मग म्हणाले, व्हर्नियरचं लीस्ट काउंट किती? मी एक क्षण थांबले. तेवढ्यात मागे कुणीतरी जोरात श्वास घेतला. मला न बघताही कळलं की तो बापू आहे, आणि मंगलने त्याच्या तोंडावर हात ठेवलाय. मी घाईघाईने उत्तर देऊन टाकलं, नाहीतर त्याने दिलं असतं.

चांगलं चाललं होतं हो. पण मध्येच साहेबांना दुसरा फोन आला. "एक मिनिट," म्हणाले आणि त्यांचा आवाज बंद झाला. इकडे तात्या डोळे मिटून उभे. त्यांना एवढंच कळलं की गुरुजी थांबले.

"बोला, विठ्ठल विठ्ठल," तात्या म्हणाले.

आणि अख्खं अंगण, सवयीने, टाळ्यांवर सुरू झालं. मी कॅरेटवरून हातवारे करतेय, मंगलच्या लक्षात येऊन ती गप्प झाली, पण भरतीची पोरं रंगात आलेली. साहेब परत आले तेव्हा गजर अगदी टिपेला होता. ते बघतच राहिले. मला वाटलं, संपलं सगळं. साहेबांनी विचारलं, तुमच्याकडे काही कार्यक्रम आहे का? मी म्हटलं, हो सर, रोजचाच आहे. मग जे होतं ते सरळ सांगून टाकलं, की आमच्या गावात एकाच जागी रेंज येते, फोन खाली ठेवला की जाते, माझे सासरे तो धरून उभे राहतात आणि आम्ही सगळे त्यांच्या अंगणात शिकतो. व्हर्नियरही इथेच शिकले.

साहेबांनी चेहरा फोनच्या जवळ आणला. मग म्हणाले, "आत्तासुद्धा ते उभे आहेत?"

मी हो म्हटलं.

"मग आपण लवकर आटपू," साहेब म्हणाले.

नागापूरला जाऊन मी हाताने मापं करून दाखवली. मापं बरोबर आली. नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी कामावरून आले तशी पेढे घेऊन आधी तात्यांकडे गेले. त्यांनी पगार विचारला नाही, साहेब कसा आहे विचारलं नाही. विचारलं ते एवढंच की काम बसून आहे का उभ्याने. मी म्हटलं, उभ्याने, दिवसभर. तात्यांचा चेहरा असा उजळला की पेढा हातातच राहिला. संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांना सांगत होते, आमची सूनबाई उभ्यानं काम करती.

त्यानंतर वर्षभरात खिंडीच्या तोंडाशी टॉवर झाला.

गावात साखर वाटली लोकांनी. का नाही वाटणार? घरोघरी रेंज आली. चुलीपाशी रेंज, गोठ्यात रेंज. मंगल मशीन चालवता चालवता समोर फोन ठेवून बघायला लागली. बापू बागेतच बसून सरांना ऐकायचा. भरतीची पोरं तर नगरलाच राहायला गेली होती. यात कुणाचं काही चुकलं नाही. मीसुद्धा घरी आल्यावर स्वयंपाक करता करता बघायचे. कंपनीतून आलं की जीव दमलेला असायचा, वाटायचं आता अंगणात कशाला जा.

एकदा कंपनीची बस लवकर सुटली. फाट्यावरून नवऱ्याच्या मोटरसायकलवर घरी येत होते. तात्यांच्या ओट्याजवळ आलो आणि मला आवाज ऐकू आला. शिवणकामाच्या बाई सांगत होत्या, आता कटोरीचे दोन भाग असे समोरासमोर ठेवायचे. मी वळून बघितलं. तात्या टोपी घालून, पट्टा गळ्यात अडकवून कोपऱ्यावर उभे होते. अंगणात कुणी नव्हतं. बाईंनी विचारलं, समजलं का मैत्रिणींनो? तात्या म्हणाले, "व्हय, माउली." आणि अंगणाकडे बघून थोडं थांबले.

मी गाडीवरून उतरले नाही. उतरून काय बोलणार होते? पण घरी गेल्यावर जेवणाचं ताट तसंच बाजूला ठेवलं. मी उठून बापूच्या घरी गेले आणि त्याला बघितलं ते सांगितलं. बापूने हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाला, "तुला एक सांगू का? त्या बांबूवं रेंज येत हुती. मी बांधला तवाच फोन लावून बघितला हुता. झकास येत हुती."

"मग तात्या म्हणाले की येत नाही?"

"म्हनले," बापू म्हणाला. "रात्री त्यांनीच काढला आसंल. माझी तार एवढी ढिली नसती."

तेव्हा मला सगळं कळलं. काकू गेल्या, वीणा गेली, आणि मग एक दिवस एक माणूस फोन घेऊन ओट्यावर चढला आणि त्याच्या मागे अख्खं अंगण आलं. बांबू राहिला असता तर तात्यांना कुणी म्हणालंच असतं की आता तुम्ही बसा. आम्ही रेंजसाठी जात होतो. तात्या आमच्यासाठी उभे होते.

निघताना बापूला रविवारी यायला सांगितलं, मंगलच्याही कानावर घातलं. रविवार माझ्या सुट्टीचा. पाच वाजता तोंड धुतलं, पदर घेतला आणि तात्यांच्या अंगणात गेले. चपला काढल्या. तात्या होतेच. डाळिंबाचे सर छाटणी सांगत होते.

"तात्या," मी म्हटलं, "आमच्या घरात रेंज येत न्हाई. हितंच बसते."

आणि त्याच वेळी माझ्या हातातला फोन वाजला. माझा नवरा! चहाची पूड कुठे ठेवलीस म्हणून विचारायला भिंतीपलीकडून फोन लावत होता. एवढं सुख झालंय रेंजचं. फोन इकडे ठणाणा वाजतोय आणि भिंतीपलीकडून त्याचा "अगं उचल की" ऐकू येतोय.

तात्यांनी डोळे उघडले. माझ्या फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बंद कर त्ये," तात्या म्हणाले. "पहाऱ्यात फोन वाजू द्यायचा न्हाई."

मी फोन बंद करून बसले. थोड्या वेळाने बापू आला. त्याच्या बागेतली रेंज म्हणे वाऱ्याने हलते. मंगल आली, तिच्या घरात भिंती जाड आहेत. सासूबाई आल्या, त्यांना कारण सुचलं नाही, त्या नुसत्याच बसल्या. जाहिरात लागली तेव्हा तात्या गजर सांगायला जरा थांबले. घसा खाकरला. मग म्हणाले, बोला, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

गजर संपला आणि तात्यांनी मला हाक मारली.

"सूनबाई, कंपनीत दिवसभर उभी ऱ्हातीस नव्हं?"

"व्हय, तात्या."

"मग हिकडं ये."

मी ओट्यावर चढले. त्यांनी पट्टा टोपीवरून काढला, फोनला जरासुद्धा खाली येऊ न देता माझ्या पदरावरून माझ्या गळ्यात घातला. माझे दोन्ही हात घेऊन एक फोनच्या खाली लावला, एक फोनच्या पाठीला. आणि मला काही कळायच्या आत ते वाकले आणि माझ्या पायाला हात लावला.

"तात्या, अहो, मी सून आहे!"

"पहाऱ्यात सून-सासरा नसतो," तात्या म्हणाले. त्यांना सरळ व्हायला वेळ लागला. बापूने हात दिला.

मला उलट वाकता येईना. दोन्ही हातांत फोन आणि फोनमध्ये सर बोलतायत. रीत एका बाजूनेच झाली होती. मी तशीच उभी राहिले, डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात मोकळा नव्हता. तात्या खाली उतरले, अंगणात आले आणि बापूच्या शेजारी हळूच बसले. पाय लांब केले. सरांनी विचारलं, समजलं का मित्रांनो? तात्यांनी खालून माझ्याकडे बघत मोठ्याने "व्हय" म्हटलं.

एवढ्या जणांना शिकायला ज्या माणसाने स्वतःचे गुडघे दिले, त्याचे आभार मानायचे कसे, हे मला कुठल्याच गुरुजींनी शिकवलं नव्हतं. पाठ संपला, मी तात्यांसाठी सबस्क्राईबचं बटण दाबलं, ते कालचं तुटलेलं परत जोडलं गेलं. मग मी खाली उतरले, पट्टा त्यांच्या गळ्यात घातला आणि वाकले. आणि बराच वेळ तशीच राहिले.